मळणीची धूळ, बगॅसची धूळ आणि आपली छाती

(सोलापूर जिल्ह्यात ऊसतोडीला आणि मळणीला आलेल्या टोळ्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. गावाकडं राहिलेल्या साथींसाठी इथं देत आहोत.)



बायांनो, भावांनो, गेले दोन हंगाम आम्ही कोप्याकोप्यांवर फिरतोय. जातो वनहक्काच्या दाव्यांची कागदं बघायला, आणि निम्मा वेळ खोकला ऐकत बसतो. म्हणून आज आधी खोकल्याबद्दल बोलू, मग कागदाकडं येऊ. दोन्हीचा संबंध आहे.

एका टोळीतल्या गड्याचं सांगतो. नाव घेत नाही. तीन हंगाम तो एका कारखान्यावर भुसा भरायचा. आपण ज्याला भुसा म्हणतो त्याला कागदावर बगॅस म्हणतात. संध्याकाळी अंगात कणकण, छाती आवळलेली, कोरडा खोकला. सकाळी बरं वाटायचं, पुन्हा कामावर. थुंकी दोनदा तपासली, टीबीचे जंतू निघाले नाहीत. तरी गावात बोलबाला झाला की याला टीबी आहे. घरात त्याची ताटली वेगळी केली. इतक्या दिवसांत एकाही माणसानं त्याला विचारलं नाही की बाबा, तू काम काय करतोस?

आता ही धूळ आहे तरी काय ते बघा. रस्त्याची धूळ म्हणजे माती. शेतातली धूळ नुसती माती नसते. इकडं रब्बीची ज्वारी हातानं उपटतात, तेव्हा मुळाची काळी माती उडते. मळणीयंत्रात कणीस गेलं की कोंडा उडतो, कूस उडते, काणी पडलेलं कणीस असलं तर तिची काळी भुकटी उडते. ती भुकटी म्हणजे बुरशीचं बीजच. उसाच्या पाचटाला कूस असते. ऊस पेटवून तोडला तर वर काजळी. बगॅसचा ढीग ओला राहिला की आतून तापतो, त्यात बुरशी आणि जंतू वाढतात, आणि वाळल्यावर ढीग उकरला की तेच हवेत येतं. जंतू मेला तरी त्याच्या कवचातलं विष राहतं. डॉक्टर त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात.

मोठी धूळ नाकातल्या केसांत अडकते, शेंबडातून काळी निघते. ती दिसते म्हणून आपण तिलाच घाबरतो. खरी नड बारीक धुळीची. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड. त्याच्या सातव्या हिश्शाएवढा कण, म्हणजे 10 मायक्रॉनचा, घशाच्या खाली उतरतो. त्याहून बारीक कण फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात. तिथं शरीराच्या राखणदार पेशी असतात. त्या कण गिळतात आणि हाळी देतात. हाळी ऐकून आणखी पेशी धावतात, नळ्या आतून सुजतात, चिकटा सुटतो, वाट अरुंद होते. पायात काटा मोडल्यावर पाय सुजतो तसंच हे, पण छातीत. त्यामुळंच त्रास कामावर असताना कमी आणि चार ते आठ तासांनी जास्त होतो. दुपारी धूळ, रात्री ताप. माणूस म्हणतो, थंडी बाधली.

लवकर धुळीतून बाहेर पडलं तर सूज उतरते. वर्षानुवर्षं रोज सूज येत राहिली तर आत वण धरतात. वण धरलेलं फुफ्फुस कुठल्याही औषधानं पुन्हा मऊ होत नाही. मग चढ चढताना दम लागतो. आपली गावं डोंगरात आहेत, हे लक्षात घ्या.

म्हातारी माणसं म्हणतील, मातीत खेळलेलं पोर आजारी पडत नाही, तुम्ही काय सांगता? त्यांचं म्हणणं खोटं नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या खेड्यांत तपासणी झाली, तिचा निकाल 2002 साली आला. ज्या पोरांच्या गाद्यांत गोठ्यातल्या धुळीचं हेच एंडोटॉक्सिन जास्त होतं, त्यांच्यात ॲलर्जीचा दमा कमी दिसला. पण ते गोठ्याजवळ वाढलेलं पोर होतं, मळणीयंत्राच्या तोंडाशी आठ तास उभा राहिलेला मजूर नव्हे. म्हणून कुणी लगेच झोळी यंत्राजवळ बांधू नका. झोळी वाऱ्याच्या वरच्या अंगालाच पाहिजे.

हे सोलापूर धुळीचं जुनं गाव आहे. 1877 साली इथं जुनी मिल निघाली, मग इतर गिरण्या. गुन्हेगार जमाती कायद्याखाली आपल्या पारधी भावांना आणि आणखी कितीतरी जमातींना इथं तारेच्या कुंपणात आणून ठेवलं, हजेरी घेतली आणि त्यातल्या माणसांना गिरणीत कामाला लावलं. तो कायदा 1952 ला गेला. सेटलमेंट हे वस्तीचं नाव मात्र अजून आहे. जंगलातून उठवलेला माणूस दुसऱ्याच्या धुळीत कसा जातो, हे बघायला लांब जायला नको.

गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं छाती धरते, त्या आजाराचं नाव 2025 पर्यंत चाललेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होतं. त्याच यादीत बगॅसच्या धुळीचा आजारही होता, नाव बगॅसोसिस. आणि सेंद्रिय धुळीनं फुफ्फुसाच्या पिशव्या सुजतात तो आजारही होता. हे किती जणांना माहीत होतं? आम्हाला विचाराल तर एकाही मुकादमाच्या तोंडून आम्ही ऐकलेलं नाही. त्याच कायद्याचं कलम 12 म्हणत होतं की ठेकेदारामार्फत माणूस कामाला लावला तरी मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही. पण तिथं दोन गोष्टी लागतात. आजार कोणता हे डॉक्टरनं लिहिलेलं, आणि आपण ते काम किती काळ केलं याचा पुरावा. दुसरी गोष्ट आपल्याकडं नसते. उचल तोंडी, हिशोब मुकादमाच्या वहीत, कोयता नवऱ्याच्या नावावर, बाईचं नाव कुठंच नाही.

म्हणून काय करायचं. दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायचीच. टीबी निघाला तर औषध पुरं घ्यायचं, मधे सोडायचं नाही. धूळ आहे म्हणून टीबी नाही असं कुणी समजू नका, दोन्ही एकत्र असू शकतात. थुंकी साफ आली तर डॉक्टरला आपणहून सांगायचं की मी भुसा भरतो, मी मळणीवर असते, त्रास रात्री होतो, सुट्टीत कमी होतो. नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजतात, ती तपासणी मागायची आणि केसपेपरवर कामाचं नाव लिहून घ्यायचं. तो कागद फेकू नका.

तोंडाला गमछा बांधा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. गमछा मोठी धूळ अडवतो, बारीक नाही. यंत्रात कणसं घालणारा माणूस दर तासाला बदला. ओली कणसं ढिगात टाकू नका. भुसा हलवताना पाणी मारायला लावा. नुसतं पाणी मारून ढीग तसाच ठेवला तर बुरशीचीच सोय होते, हेही मुकादमाला सांगा. आणि दिवसभर धूळ खाऊन रात्री बंद कोपीत चूल पेटवू नका, चूल दाराबाहेर घ्या.

आता जमिनीचं. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसलेल्या जमिनीवर आपला दावा आहे. पण जागेची पाहणी होते तेव्हा आपण इथं उसाच्या फडात असतो. कायद्याच्या नियमांत दावेदाराला आधी कळवून पाहणी करायची आहे. गावच्या वनहक्क समितीनं ते कळवलं का, कधी कळवलं, हे गावाकडच्या साथींनी लेखी ठेवावं, आणि निरोप टोळीपर्यंत पोचवावा. एका माणसाला पाठवायचं भाडं सगळ्यांनी मिळून काढू. कारखान्याचा पट्टा दरवर्षी पडतो, जमिनीचा पट्टा मात्र हातात पडत नाही, आणि तोवर ही धूळ सुटत नाही.

प्रत्येक टोळीनं एक वही घालावी. नाव, बाईचं वेगळं नाव, कुठल्या कारखान्यावर किंवा कुणाच्या खळ्यावर, काय काम, किती दिवस, खोकला कधीपासून. लिहिता येणारं पोर टोळीत असतंच. पट्टा पडायच्या आत आम्ही वह्या गोळा करायला येतो. ज्यांचा खोकला महिन्याच्या वर आहे त्यांनी आत्ता थांबा, आपण उद्या सकाळच्या गाडीनं मिळून सिव्हिलला जाऊ.