हौस आणि ऐपत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



थोड्या पैशांत हौशीने कसे राहावे, यावर बोला असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माझ्या हाताला विळीची सवय, कागदाची नाही. पण त्या म्हणाल्या, "हा विषय पुस्तकातला नाही, तुमच्या घरातलाच आहे." म्हणून उभी राहिले. चुकले तर पदरात घ्या.

आपल्या सातपाटीत वर्षाचे महिने बारा, पण मिळकतीचे दहाच. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद. बोटी शाकारून किनाऱ्याला असतात आणि पोटे मात्र चालूच असतात. बोटीच्या मालकालाही ते दिवस जड जातात. आमचे हे तर दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत. २०२३ साली रुपेरी पापलेटाला सरकारने राज्यमासा केले. आपल्या गावाला अभिमान वाटला. पण पूर्वीसारखा मासा जाळ्यात येत नाही, हे या सभेत कुणाला सांगायला नको.

तंगी आपल्याला नवी नाही. आपल्या सासवांनी ती काढली, आणि झोकात काढली. माझ्या सासूबाईंकडे बाहेर नेसायची लुगडी दोनच. पण धुऊन, दोघींनी टोके धरून ताणून, घडी करून ते गादीखाली ठेवायचे. सकाळी ते नेसून आणि परसातल्या अबोलीची वेणी माळून त्या निघाल्या की वाटत असे, या बाईला काय कमी आहे! पाऊस लागण्याआधी वलांडीवरचे बोंबील, जवळा, सोडे कडकडीत वाळवून डब्यांत भरलेले असत. दोन मुठी जवळा, भरपूर कांदा, चार मिरच्या आणि दोन कोकमे एवढ्यात आमची सात माणसे तांदळाच्या भाकरीशी पोटभर जेवत. त्या म्हणत, "कालवण साधे असले तरी चालेल, ताट लखलखीत पाहिजे."

त्यांचेच पाहून मी थोडेफार शिकले. विरलेल्या साड्या टाकत नाही. नरम साड्या थरांना आत घालते, धडके काठ कडेला लावते आणि रंग पाहून वर ठिगळे जोडते. पावसाच्या दोन महिन्यांत एक गोधडी होते. माझ्या घरी आलेली पाहुणी विकतच्या रजईकडे पाहत नाही, गोधडी मात्र उलटून पाहते. टाकलेल्या जाळ्याचा तुकडा परसात बांधला, त्यावर घोसाळ्याचा वेल चढवला; भाजी झाली आणि दाराला सावलीही झाली. नारळाच्या करवंट्या घासून दिवाळीत पणत्या केल्या. यात खर्च कसला? वेळ आणि नजर, एवढेच.

आणि ही नजर आपल्या जिल्ह्यातच जन्मली आहे. आपले वारली बंधू-भगिनी पाहा. लग्न आले की त्यांच्या सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. साहित्य काय, तर तांदळाचे पीठ, पाणी आणि काडी. भिंत शेणामातीची. त्याच पिठाच्या चित्रांसाठी डहाणूकडच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज परदेशातले लोक ही चित्रे भिंतीवर लावतात. ज्यांच्या घरी सर्वांत कमी पैसा, त्यांच्या भिंतीवरची शोभा जगाने उचलली. मग पैशाशिवाय शोभा नाही, हे आपल्याला कोणी शिकवले?

आता माझी चूक सांगते. ती सांगितली नाही तर हे भाषण म्हणजे नुसता उपदेश होईल.

माझ्या थोरलीचे लग्न झाले तेव्हा मी वेडी झाले होते. मोबाइलवर दुसऱ्यांच्या हळदी पाहिल्या होत्या. सगळ्या बायका एका रंगाच्या, एका काठाच्या. मलाही तसेच हवे होते. घरच्या आणि जवळच्या मिळून २२ जणींच्या सारख्या साड्या घेतल्या. वर मोठा बाजा आणि फुलांचा मंडप. पैसे कर्जाऊ काढले. हळद झोकात झाली, सगळ्यांनी वाहवा केली. दीड महिन्याने बंदी लागली. हप्ता काही बंदी पाळत नाही. जुलैत माझ्या हातातल्या दोन बांगड्या विकल्या. त्या आईने दिलेल्या होत्या. त्या २२ साड्यांपैकी पुन्हा नेसलेली एकही मी पाहिलेली नाही, माझी स्वतःचीही नाही.

ह्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. पण धाकटीने एका रात्री विचारले, "आई, माझ्या नर्सिंगच्या फीचे पैसे आहेत ना?" मला उत्तर देता आले नाही. ते वर्ष तिचे फुकट गेले. भगिनींनो, ती माझ्या हौशीची खरी किंमत. बांगड्या पुन्हा होतील, तिचे वर्ष होणार नाही.

दुसऱ्या वर्षी पोटाला चिमटा घेऊन तिची फी भरली. गेल्या वर्षी पुतणीची हळद आमच्याच दारात झाली, तेव्हा मी जाऊबाईंना म्हटले, सारख्या साड्या नकोत. प्रत्येकीने आपल्या पेटीतली पिवळी साडी नेसून यावे. कुणाची हळदीसारखी, कुणाची आंब्यासारखी, कुणाची आईच्या वेळची जुनी. अंगणात पिठाची रांगोळी, आंब्याची तोरणे आणि धवलारीणबाईंचे धवले. बाजा नव्हता म्हणून धवल्यांचे शब्द पोरींना पहिल्यांदा नीट ऐकू आले. तिथल्या तिथे दोघी-तिघींनी ते शिकायला घेतले.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. माझ्या वन्सं रुसल्या. "लोक काय म्हणतील, भावाने हात आखडता घेतला?" असे म्हणून त्या हळदीला आल्याच नाहीत. गणपतीपर्यंत बोलत नव्हत्या. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. लोक मोजतात. एकटीने काटकसर केली की तिला गरीब म्हणतात. सगळ्यांनी केली की ती रीत होते. म्हणून हे बोलणे घरात न करता मंडळात करते आहे.

एक खुलासा. काटकसर म्हणजे चिकटपणा नव्हे. मुलांच्या दुधात, म्हाताऱ्यांच्या औषधात आणि मुलींच्या शिक्षणात हात आखडू नये. ठरावीक मापाहून लहान पापलेट धरू नये असा नियम आहे. कारण पिल्लूच खाल्ले तर मोठा मासा येणार कुठून? संसारातही तसेच आहे. मुलीची फी हे पिल्लू आहे. त्याला हात लावायचा नाही. मी आता सुगीच्या दहा महिन्यांत दर आठवड्याला थोडे वेगळे काढते, जून-जुलैसाठी. डबा पत्र्याचाच आहे, पण त्यावर मी मासोळ्या रंगवल्या आहेत. हौस ती हौसच!

शेवटी मंडळापुढे एक मागणे ठेवते. यापुढे आपल्यापैकी कुणाच्या घरी हळद असेल तर आपण पेटीतली साडी नेसून जाऊ आणि नवीची अपेक्षा ठेवणार नाही, असे आज ठरवावे. पितळी समया, परातीं आणि सतरंज्या मंडळाने एकदाच घ्याव्यात, त्या प्रत्येकीच्या कार्याला फिराव्यात. गोधडी शिवायला ज्यांना शिकायचे असेल त्यांनी पावसात दुपारी माझ्याकडे यावे. चहा मिळेल, सुई आपली आणावी.