खेळ, छंद आणि संगणकाचे काम
(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात डोंबिवली येथे केलेले भाषण)



या समारंभात चार शब्द बोलावे अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. आज ज्यांचा गौरव व्हावयाचा आहे त्यांतील निम्म्याहून अधिक मुले संगणकशास्त्राची आहेत. मी पडलो मॅट्रिक झालेला, जन्मभर पाढे आणि शुद्धलेखन शिकविलेला मास्तर. त्यांना मी काय सांगावे? परंतु चिटणीसांनी 'छंद' हा विषय सुचविला आणि मी होकार दिला. कारण त्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि ती आपणासमोर सांगावी असे पुष्कळ दिवस मनात होते.

तत्पूर्वी आपल्या गावची एक हकीकत सांगतो. ज्या स्थानकात आपण रोज सकाळी गर्दीने घुसमटून जातो, त्या डोंबिवलीचे नाव गणिताच्या ग्रंथांत गेलेले आहे, हे येथील किती जणांस ठाऊक असेल? दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे १९०५ साली डहाणूस जन्मले आणि त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस शाळामास्तरकी केली. जी. आय. पी. रेल्वेच्या काळात मुंबईपासून तीस मैलांवरील आपल्या या स्थानकावर त्यांना एका संख्याप्रकाराची कल्पना सुचली, आणि स्थानकाच्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना 'डेमलो संख्या' असे नाव दिले. ११ ला ११ ने गुणा, १२१ येतात. १११ ला १११ ने गुणा, १२३२१ येतात. असे करीत नऊ वेळा एक लिहून त्या संख्येला तिनेच गुणले, तर १२३४५६७८९८७६५४३२१ अशी पायऱ्या चढून उतरणारी संख्या मिळते. गाडीची वाट पाहत फलाटावर आपणही उभे राहतो. पण आपण फक्त घड्याळ पाहतो.

त्यांचा दुसरा शोध याहून प्रसिद्ध आहे. सगळे अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. उदाहरणार्थ ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतील. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण येथेच येऊन थांबतो. हा शोध कापरेकरांनी १९४९ साली लावला. आपल्याकडील पुष्कळ विद्वानांनी तो पोरखेळ समजून बाजूस सारला. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते वारले.

आता माझी चूक. माझा मुलगा नववीत असताना आम्ही घरी एक जुना संगणक घेतला होता. या ६१७४ ची आज्ञावली त्याने कोठून तरी शिकून आपल्या हाताने लिहिली, आणि एके रात्री मला हाक मारून दाखविली. सर्व चार अंकी संख्या यंत्राने क्षणार्धात तपासल्या; एकही सुटली नाही. मी गणित शिकविणारा मास्तर. मला आनंद व्हावयास हवा होता. मी विचारले ते एवढेच, "हे परीक्षेत येणार आहे का?"

पुढे तो लहान लहान खेळ तयार करू लागला. दहावीचे वर्ष लागले तेव्हा मी संगणकाचा कळफलक काढून कपाटात ठेवला आणि किल्ली जानव्यास बांधावी तशी जपली. बारावी होईपर्यंत तो कळफलक बाहेर आला नाही. मुलाने गुण उत्तम मिळविले. याच संस्थेने, याच व्यासपीठावर त्याचा सत्कार केला. एक हार माझ्याही गळ्यात पडला. आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या होत्या, म्हणून हे आपणास सांगतो.

मुलगा प्रोग्रॅमर झाला. सकाळची लोकल पकडून ठाण्यास गाडी बदलावयाची, ऐरोलीस उतरावयाचे आणि रात्री परतावयाचे, असा त्याचा क्रम दहा वर्षे चालला. या दहा वर्षांत त्याने स्वतःचे म्हणून काही एक तयार केले नाही. एकदा मी त्याला विचारले, "तुमचे काम म्हणजे नेमके काय रे?" तो म्हणाला, "बाबा, आम्ही नवा वाडा क्वचितच बांधतो. कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वी बांधलेल्या वाड्यात नळ कुठे गळतो, ते शोधत हिंडतो. बांधणारा नोकरी सोडून गेलेला असतो आणि कागद ठेवलेला नसतो." कंटाळा येत नाही का, असे विचारता तो नाही म्हणाला. तीन दिवस शोधून एक चिन्ह उलटे पडलेले सापडते, तेव्हाचा आनंद खरा असतो. मात्र काय बांधावयाचे हे दुसराच कोणी ठरवितो, आणि हळूहळू स्वतः काही ठरविण्याची सवय मोडते. हे त्याने तक्रार म्हणून सांगितले नाही. ऐकून मला मात्र कपाटातील तो कळफलक आठवला.

त्यानेच मला सांगितले की, आज जगभर संगणक ज्या युनिक्स प्रणालीच्या घडणीवर चालतात, तिच्या जन्माशी एका खेळाचा संबंध आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी ग्रहांमधून यान फिरविण्याचा एक खेळ लिहिला. तो चालविण्यासाठी त्यांनी एक अडगळीत पडलेले यंत्र हाताशी धरले, आणि त्या यंत्रासाठी केलेल्या खटपटीतून पुढे ती प्रणाली उभी राहिली. 'टेट्रिस' हा खेळही १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीत नोकरी करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी आपल्या कामाच्या जागीच रचला.

येथे गैरसमज नको. तयार खेळावर तासन् तास बोटे आपटणे याला मी छंद म्हणत नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मज्जाव करणारा कायदा २०२५ साली संसदेने केला, तो मला योग्यच वाटतो. मी बोलतो आहे ते खेळ रचण्याविषयी.

२०२० च्या मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या आणि मुलगा घरून काम करू लागला. तेव्हा माझी आई शहाऐंशी वर्षांची होती. तिने एके दुपारी ट्रंकेतून सारीपाटाचा कापडी पट आणि सहा कवड्या काढल्या, आणि नातवास समोर बसविले. महिनाभरात त्याच्या डोक्यात आले की हा खेळ, आजीच्या रीतीने, संगणकावर उतरवावा. छापील नियम पुस्तकांतून मिळतात. पण प्रत्येक घरची रीत निराळी, आणि त्याला हवी होती ती आजीची.

आता आज्ञावली लिहावयाची म्हणजे एकही गोष्ट मोघम ठेवून चालत नाही. तो वही घेऊन बसे आणि विचारी, "आजी, फुलीवर बसलेली सोंगटी मारता येते का?" ती म्हणे, "नाही." "आणि जोडी असली तर?" ती म्हणे, "कुणाची जोडी, त्यावर आहे." मग खेळून दाखवी. साठ-सत्तर वर्षे बिनचूक खेळलेल्या बाईस नियम सांगता येत नव्हते. ते तिच्या बोटांत होते. अशा रीतीने वहीची चाळीस पाने भरली. मी शेजारी बसून ऐकत असे. मास्तरकीच्या साऱ्या वर्षांत इतक्या चिकाटीने प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता, आणि हा माझ्या घरातच होता.

सहाही कवड्या पालथ्या पडल्या म्हणजे आमच्याकडे पंचवीसचे दान, आणि पुन्हा खेळावयास मिळे. लागोपाठ तीन वेळा पंचवीस पडले तर दान जळते, हेही आई सांगे. तिन्ही जळतात की केवळ तिसरे, असे मुलाने विचारले. ती हसून म्हणाली, "पडलं म्हणजे सांगेन."

ते पडले नाही. कवडी दोन्ही अंगांनी सारखीच पडते असे धरले, तर सहाही पालथ्या पडण्याचा योग चौसष्टात एकदा येतो, आणि तीन वेळा लागोपाठ पडण्याचा योग २,६२,१४४ त एकदा. माणसाच्या उभ्या आयुष्यात तो कदाचित येणारही नाही. २०२२ साली आई गेली.

पुढल्या वर्षी मुलाने तो खेळ पुरा करावयास घेतला. दोष राहिला आहे की काय हे पाहण्यासाठी प्रोग्रॅमर यंत्रालाच यंत्राशी खेळावयास लावतात. एका रात्री त्याने तसे लावून दिले आणि तो निजला. सकाळी पाहतो तो खेळ मध्येच थांबलेला. लाखो दाने टाकता टाकता यंत्राला तीन पंचविशा लागोपाठ पडल्या होत्या, आणि पुढे काय करावे हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. छापील पुस्तकातील नियम घालून मोकळे व्हावे, असे मी म्हटले. तो म्हणाला, "बाबा, मग तो आजीचा खेळ राहणार नाही." तेवढी जागा त्याने कोरी ठेवली आहे.

माझी आई मूळची शहापूरकडची. तिच्या माहेरच्या पिढीतील आता कोणी उरलेले नाही. परंतु त्या बाजूच्या आपल्या ज्ञातीतील चार-दोन वृद्ध भगिनी आज या सभेस आल्या आहेत असे दिसते. तीन पंचविशा पडल्या तर तिन्ही दाने जळतात की एकच, हे त्यांपैकी कोणास आठवत असेल, तर अल्पोपाहाराच्या वेळी कृपा करून माझ्याशी बोलावे. मुलगा मागे, दाराजवळच्या रांगेत बसला आहे, आणि वही त्याच्यापाशी आहे.