वाफेच्या वाटेवर दार नको



तुम्ही बॉयलर चालक, फिटर, वेल्डर मंडळींनी या खुर्चीत एका पाइप फिटरला बसवलंत. मी पान्याचा माणूस, तेव्हा बोलणार तेही दोन पाइपांबद्दलच. एक पाणी आत नेणारा, दुसरा सेफ्टी व्हॉल्व्हची वाफ बाहेर सोडणारा.

पाण्याच्या वाटेवर दारं हवीतच. फीड पंपाकडून येताना आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग स्टॉप व्हॉल्व्ह, मग बॉयलर. हा क्रम चुकला, तर नॉन-रिटर्नची झडप गळू लागल्यावर अख्खा बॉयलर थंड केल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. व्हॉल्व्हच्या अंगावरचा बाण बघायला क्षणभर लागतो. उलटा बसवलेला व्हॉल्व्ह कापून काढायला एक पाळी जाते. आणि पाणी सॉफ्टनरमधून आलेलं नसेल, तर ट्यूबमध्ये क्षार बसतात, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि ट्यूब लाल होऊन फुगते.

वाफेच्या सुटकेच्या वाटेवर मात्र एकही दार नको. सेफ्टी व्हॉल्व्ह उभाच बसवायचा. बॉयलर आणि तो, यांच्यामध्ये कोणताही व्हॉल्व्ह टाकायचा नाही. सुटकेचा पाइप व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा बारीक नको. त्याचं वजन स्वतंत्र सपोर्टवर घ्या. ते व्हॉल्व्हवर आलं की सीट वाकते आणि गळते. खालच्या अंगाला निचऱ्याचं भोक ठेवा, तोंड माणसांच्या वाटेपासून दूर काढा.

आता माझी चूक सांगतो. एका साखर कारखान्यात मी उमेदवार होतो. हायड्रॉलिक टेस्टला दाब नेहमीपेक्षा जास्त चढवतात, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह उघडू नयेत यासाठी त्यांचे स्पिंडल दाबून धरणाऱ्या गॅग मी लावल्या होत्या. पुढे अग्निप्रदीपनाचा, म्हणजे बॉयलर पेटवण्याचा दिवस आला. संचालक सपत्नीक पूजेला बसले होते, झेंडूची तोरणं लागली होती. आमच्या मिस्त्रींनी हळूच विचारलं, ‘‘गॅग किती लावल्या होत्यास?’’ तीन. पेटीत निघाल्या दोन. मी शिडीवर धावलो. खाली मुहूर्त टळला म्हणून कुजबुज झाली. मिस्त्रींनी मान वर केली नाही, की माझं नाव घेतलं नाही.

बाकीचे दोन व्हॉल्व्ह उघडले असते, असं कुणी म्हणेल. पण सगळे व्हॉल्व्ह मिळून बॉयलरची कमाल वाफ सोडतील, असा हिशेब मांडलेला असतो. एक मुका झाला की हिशेब मोडतो. साध्या हवेच्या दाबाला पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. बॉयलर फुटतो तेव्हा आतल्या तापलेल्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होऊन ती जागा मागतो.

1863 मध्ये कोलकात्यात बॉयलर फुटून माणसं गेली, तेव्हा 1864 चा बंगालचा कायदा झाला. मग 1923 चा बॉयलर कायदा, 1950 चे नियम आणि आता 2025 चा नवा कायदा. तरी व्हॉल्व्ह गळतो म्हणून स्प्रिंग आवळणारे हात अजून आहेत. वाफ वाया जाते, बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जास्त जाळावा लागतो, हंगाम थांबवता येत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे. पण गळतीचं औषध सीट लॅप करणं म्हणजे घासून चपखल करणं, दाबावर पुन्हा सेट करणं आणि सील लावणं हेच. आवळणं म्हणजे रडणाऱ्या पोराचं तोंड दाबणं.

म्हणून माझं मागणं एवढंच. येत्या गळीत हंगामात नारळ फुटण्याआधी प्रत्येकाने स्वतः वर चढावं, गॅग मोजून पेटीत ठेवाव्यात, व्हॉल्व्हचं सील डोळ्यांनी पाहावं. ते झाल्याशिवाय खालून कुणीही विचारलं, मुहूर्त टळत असला तरी, ‘पेटवा’ म्हणू नये.