नांव नोंदविण्याचें पत्रक

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, परतूर तालुक्यांत, वाटूर हें गांव लागतें. भोंवतालचा मुलूख कापसाचा, सोयाबीनचा आणि मोसंबीचा. जालन्याच्या मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि लाभलें. श्रोत्यांनीं क्षणभर अशी कल्पना करावी कीं, येथील एका रोपवाटिकेच्या मालकास आपल्या गिऱ्हाइकांना दरमहा ई-मेलनें एक पत्र धाडावयाचें आहे: मृग बहाराकरितां बागेस ताण केव्हां द्यावा, कलमें केव्हां मिळतील, इत्यादि. पत्र लिहिणें त्याला जमेल. तें कोणास पाठवावें हा प्रश्न मात्र अवघड. आणि त्याचा निकाल मोबाइलच्या पडद्यावरील एका लहानशा पत्रकावर लागतो.

प्रथम मोह होतो तो सर्व कांहीं विचारून घेण्याचा. नांव, वडिलांचें नांव, आडनांव, गट क्रमांक, क्षेत्र, जन्मतारीख! कचेरींतील अर्ज भरून भरून ही रीत लोकांच्या हाडींमासीं खिळली आहे. परंतु फाट्यावर एस. टी.ची वाट पाहत एका अंगठ्यानें टंकणारा मनुष्य तिसऱ्या रकान्यापाशींच कंटाळतो. पत्र पाठविण्यास पत्ता पुरे. तेव्हां रकानाहि एकच असावा. फार तर बाग मोसंबीची कीं डाळिंबाची एवढें विचारावें, कारण त्यावरून पत्रांतील मजकूर बदलेल. रकान्याचें नांव रकान्याच्या वर असावें. आंत फिकट अक्षरांत लिहिलें, तर टंकूं लागतांच तें नाहींसें होतें. पत्त्यांत चूक झाल्यास ती कोठें आहे तें मराठींत सांगावें, आणि टंकलेलें पुसून टाकूं नये. बटनावर ‘सबमिट’ हा कोरडा शब्द नको; ‘दरमहाचें पत्र मला पाठवा’ असें लिहिलें म्हणजे दाबणाऱ्यास आपण काय मागितलें तें कळतें.

आणि मागणी त्यानेंच केली पाहिजे. मे १९७८ मध्यें अमेरिकेंतील गॅरी थुर्क यांनीं आर्पानेटवरील सुमारें ४०० जणांस न विचारतां संगणकाची जाहिरात धाडली. नकोशा ई-मेलचा आरंभ तोच मानितात. आधींच खूण करून ठेवलेली चौकट हा त्याच जातीचा, पण सभ्य वेषांतला प्रकार होय. ती संमति नव्हे, असा निर्णय युरोपीय न्यायालयानें १ ऑक्टोबर २०१९ रोजीं दिला. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीविषयींच्या कायद्यानेंहि संमति स्पष्ट कृतीनेंच दिलेली असावी आणि ती देण्याइतकीच परत घेणें सोपें असावें, असें म्हटलें आहे. माहिती कशाकरितां हवी, याची सूचना मराठींत वाचण्याची सोयहि त्यांत सांगितली आहे. अर्थात् वाटूरच्या मालकास कायद्यापेक्षां दुसरेंच भय अधिक. न मागितलेल्या पत्रावर चार जणांनीं ‘स्पॅम’ अशी खूण केली, कीं पांचव्या, खरोखर वाट पाहणाऱ्या बागाइतदाराचें पत्रहि अडगळींत पडूं लागतें.

यास्तव पत्ता मिळतांच एक लहान पत्र धाडून, त्यांतील दुवा दाबल्यावरच नांव पक्कें करण्याची चाल पडली आहे. खेड्यांत तिला एक विघ्न आहे. पुष्कळांचा ई-मेलचा पत्ता नवा फोन घेतांना दुकानदारानेंच उघडून दिलेला असतो. पुढें तो कोणी पाहत नाहीं. म्हणून गिऱ्हाईक रोपें गाडींत भरीत आहे तोंच मालकानें तें पहिलें पत्र त्याजकडून उघडवून घ्यावें. ज्याला आपला पत्ताच आठवत नाहीं, त्याला फोन करावा.