अनोळखी वाचकाला सांगताना

मेळाव्याचे स्वागताध्यक्ष, कार्यवाह, व्यासपीठावरची ज्येष्ठ मंडळी, बोर्ली पंचतनचे ग्रामस्थ, श्रीवर्धन आणि म्हसळा तालुक्यांतून आलेले इंग्रजीचे शिक्षक आणि मागे दाटीवाटीने बसलेल्या मुलामुलींनो,

अध्यक्षाने भाषेच्या भवितव्यावर बोलायचे, चिंता व्यक्त करायची आणि शेवटी शासनाकडे काही मागण्या करायच्या, असा आपल्याकडचा रिवाज आहे. चिंता मलाही आहे, पण ती आज घरी ठेवून आले. मला एका छोट्या लेखनप्रकाराविषयी बोलायचे आहे. इंग्रजी नुकती शिकू लागलेल्या माणसाने कुणाचे तरी चरित्र लिहिणे, एवढाच विषय.

वर्गात चरित्र लिहायला सांगितले की काय होते ते आपण शिक्षक जाणतो. फळ्यावर मुद्दे येतात : जन्म, गाव, शिक्षण, कार्य, पुरस्कार, मृत्यू. मुले त्यांना क्रियापदे जोडतात. मग कलाम असोत, सावित्रीबाई असोत की तेंडुलकर, सगळे ‘ग्रेट’, सगळे ‘सिंपल’, सगळ्यांचे देशावर अपार प्रेम. वरचे नाव बदलले तरी परिच्छेद तोच चालतो. गाइडवाल्यांनी ही सोय आधीच केली होती, आता मोबाइलने ती फुकट केली. मराठी वाक्य टाकायचे, गुळगुळीत इंग्रजी वाक्य उचलायचे. व्याकरणाचे गुण मिळतात. त्या माणसाविषयी लिहिणाऱ्याला नवे काय कळले, असे विचाराल तर काहीच नाही.

आपण म्हणतो, पोरांकडे शब्द नाहीत. मला ते पटत नाही. पोरांकडे वाचक नाही. जो वाचणार आहे तो पेपर तपासणारा, आणि त्याला कलामांविषयी सगळे आधीच ठाऊक आहे. ज्याला सगळे ठाऊक आहे त्याला माणूस काय सांगणार?

आता आपल्याच जिल्ह्यातून गेलेल्या एका मुलीकडे वळते. कल्याणची यमुना जोशी, १८६५चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, सासरचे नाव आनंदी. नवरा गोपाळराव वयाने कितीतरी मोठा, टपालखात्यात कारकून. त्याची बदली आपल्या जिल्ह्यातल्या अलिबागला झाली, मग कोल्हापूर, पुढे भूज, कलकत्ता. या बदल्यांबरोबर बायकोचे शिक्षण चालले होते. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले, हे आपल्याला माहीत आहे. पुढे डॉक्टर झाल्या हेही. मधला भाग मात्र आपण घाईने उरकतो, आणि आपल्या कामाचा तोच आहे.

१८७८ मध्ये गोपाळरावांनी कोल्हापुराहून वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले : बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, मदत होईल का? वाइल्डरसाहेबांनी ते आपल्या नियतकालिकात छापले आणि शेजारी धर्मांतराचा सल्लाही छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती तो अंक १८८० मध्ये पडला, तोही दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना. त्यांनी आनंदीला पत्र टाकले. तिथून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि आनंदीबाई अमेरिकेला निघेपर्यंत, पुढची जवळपास तीन वर्षे, तो चालू होता.

शिक्षक म्हणून मला ही तीन वर्षे फार महत्त्वाची वाटतात. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, इंग्रजी अजून कच्चे, आणि वाचणारी बाई अशी की तिने कल्याण पाहिलेले नाही, सोवळे-ओवळे तिला ठाऊक नाही, सासू म्हणजे घरात काय असते याची कल्पना नाही. तिला काहीही सांगायचे तर मुळापासून सांगावे लागे. आपल्या माणसांशी बोलताना निम्मे आपण गिळतो, कारण समोरच्याला ते माहीत असते. रोझेलच्या बाईंना निम्मे सांगून भागणार नव्हते. आनंदीबाईंचे इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकावर जितके वाढले त्याहून जास्त या पत्रांवर वाढले, असे माझे मत आहे. स्वतःचे आयुष्य अनोळखी माणसाला समजावून सांगता सांगता ते घडले.

त्याचे फळ २४ फेब्रुवारी १८८३ला दिसले. कलकत्त्याजवळ सेरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई भर सभेत इंग्रजीतून बोलल्या. वयाची अठरा वर्षे पुरी नव्हती. त्या भाषणाची मांडणी बघा. लोक येता-जाता जे विचारत होते तेच सहा प्रश्न त्यांनी घेतले. अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? तिकडे काही अरिष्ट आले तर? आणि बायकांपैकी कुणी केले नाही ते तूच का करतेस? एकेक प्रश्न घ्यायचा, त्याचे उत्तर द्यायचे, पुढचा घ्यायचा. पल्लेदार वाक्यांची गरज पडली नाही. विचारणारे लोक खरे होते म्हणून प्रश्न खरे होते, आणि प्रश्न खरे असले की साधे इंग्रजी पुरते. ‘जन्म, शिक्षण, कार्य, पुरस्कार’ हे मुद्दे कुणीही रस्त्यात अडवून विचारत नाही. फळ्यावरून ते पुसून टाकावेत, आणि मुलांना सांगावे की गावातल्या लोकांना या माणसाबद्दल काय विचारावेसे वाटते ते आधी गोळा करून आणा.

आनंदीबाई १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांची दोन चरित्रे निघाली. एक १८८८ मध्ये बॉस्टनला, कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेचे. दुसरे १८८९ मध्ये मराठीत, काशीबाई कानिटकरांचे.

डॉलबाई लेखनात मुरलेल्या, इंग्रजी त्यांच्या आईची भाषा. काशीबाई अष्ट्याच्या, १८६१ मधला जन्म, शाळेचे तोंड न पाहिलेल्या. लग्नानंतर वाचायला शिकल्या, आधी मराठी, मग नवरा गोविंदराव यांच्या मदतीने इंग्रजी. इंग्रज विचारवंत मिलच्या स्त्रियांविषयीच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर करणारे गोविंदराव ते हेच. तर या बाईंना इंग्रजी म्हणजे चढण होती. तरीही मला दोघींपैकी काशीबाईंची जागा जास्त चांगली वाटते. डॉलबाईंना आनंदीबाईंचे इंग्रजी कळत होते, पण ती मुलगी ज्या घरातून आली त्या घरात काय बोलत आणि काय बोलत नसत ते कळायला मार्ग नव्हता. काशीबाईंना माजघर ठाऊक होते, आणि अमेरिकेतली पत्रे वाचण्यापुरते इंग्रजी कष्टाने मिळवलेले होते. दोन्ही काठ दिसतील अशा ठिकाणी त्या उभ्या होत्या. इंग्रजीचा विद्यार्थी चरित्रकार म्हणून कमी पडतो असे ज्यांना वाटते त्यांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवावीत.

तसे पाहिले तर आधुनिक मराठी चरित्राचा उगमच इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वह्यांतून झाला. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी कोलंबसाचा वृत्तांत लिहिला तो १८४९चा, कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे सॉक्रेटिसाचे चरित्र १८५२चे. कृष्णशास्त्री तर आधी संस्कृत पाठशाळेतले पंडित, इंग्रजीकडे नंतर वळलेले. ही पिढी बाहेरची माणसे मराठीत आणत होती. आपली माणसे इंग्रजीत न्यायचे काम मागे राहिले, ते आपल्या वाट्याला आले आहे.

एक अडचण मुले नेहमी विचारतात, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते. ज्याचे चरित्र लिहायचे त्याचे वाईटही लिहायचे का? गोपाळरावांचेच बघा. त्यांच्या हट्टाशिवाय आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या. आणि त्याच गोपाळरावांनी शिकवताना त्या लहान मुलीला मारले, अंगावर वस्तू फेकल्या. आनंदीबाईंनीच अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात याची आठवण काढली आहे, आणि हे वागणे चांगले म्हणावे की वाईट, याचा निवाडा करणे आपल्याला कठीण जाते असेही म्हटले आहे. कसलेला लेखक इथे ‘कठोर पण प्रेमळ’, ‘विक्षिप्त पण द्रष्टा’ असे काहीतरी लिहून मोकळा होतो. माझ्या अनुभवात हे ‘पण’वाले जोडशब्द चरित्रातला सगळ्यात मोठा पळपुटेपणा आहेत. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला असा जोडशब्द सुचत नाही. तो लिहील : त्याने तिला शिकवले. त्याने तिला मारले. दोन छोटी वाक्ये, शेजारी शेजारी, दोन्ही खरी. कृपा करून लाल शाईने त्यांचे एक वाक्य करू नका.

वयाची सबब सांगणाऱ्या मोठ्यांसाठी दोन माणसे. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले १९१८ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकायला आणि कर्व्यांच्या संस्थेसाठी पैसे जमवायला अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी कामे केली. नंतर ‘माझी कहाणी’ लिहिली ती मात्र मराठीत, आणि ती इंग्रजीत नेली अॅबट या मिशनऱ्याने. दुसरे खुद्द कर्वे, बाणकोटच्या खाडीपलीकडच्या मुरुडचे. त्यांनी १९१५ मध्ये मराठीत आत्मवृत्त लिहिले आणि १९३६ मध्ये, सत्तरी उलटून गेल्यावर, इंग्रजीत दुसरे. मराठीत सांगून झाल्यावरच इंग्रजीत सांगितले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता आपल्या गावाकडे. इथून जवळच दिवेआगरला सापडलेला ताम्रपट शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. मराठीच्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्यात काव्य नाही, माणसांची नावे आणि त्यांच्यातला व्यवहार आहे. या किनाऱ्याला माणसांची नोंद ठेवायची सवय जुनी आहे म्हणायची. पण कागदाचे काय होते ते आपण ३ जून २०२०ला पाहिले. निसर्ग वादळाने सुपारीच्या वाड्या झोपवल्या, छपरे नेली, आणि छपराखालच्या ट्रंका भिजल्या. त्या ट्रंकांत काय काय होते! जहाजावरच्या नोकरीची पुस्तके, आफ्रिकेतून आणि आखातातून आलेली पत्रे, मुंबईच्या गिरणीचे पास, मास्तरांची प्रशस्तिपत्रके. वाड्या पुन्हा लावता येतात. ज्यांनी ती पत्रे लिहिली किंवा वाचून घेतली ती माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत.

तेव्हा मुलांनो, दिल्लीतल्या मोठ्या माणसाचे चरित्र सोडा. ते लिहायला खूपजण आहेत. जगबुडीच्या लाटा पाहिलेला खलाशी, सुपारी सोलून पोरे शिकवलेली बाई, दिघीच्या जेटीवर आयुष्य काढलेला तिकीटवाला, वाडीवस्तीवर पायी फिरलेली नर्स, हे तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्याशी बोलताना इंग्रजी बाजूला ठेवा. ज्या घरात कोळी बोली असेल तिथे कोळीत ऐका, कोकणी मुसलमानांच्या घरी त्यांच्या बोलीत ऐका, आणि वहीत तसेच उतरवा. शुद्ध करत बसू नका. इंग्रजीत नेताना वाचक म्हणून तुमच्या शिक्षकांना डोळ्यांपुढे आणू नका. कुवेतमध्ये जन्मलेला, बोर्ली कधी न पाहिलेला तुमच्याच वयाचा चुलतभाऊ समोर आहे असे समजा. त्याला ‘वाडी’ म्हणजे काय ते सांगावे लागेल, शिपणे कसे करतात ते सांगावे लागेल. सांगता सांगता तुमच्याच लक्षात येईल की शिपण्याचे पाणी पूर्वी कसे खेचत हे आपल्याला माहीत नव्हते. मग पुन्हा त्या सुपारी सोलणाऱ्या आजींकडे जावे लागेल. ही दुसरी खेप म्हणजेच चरित्रलेखन. पहिली नुसती ओळख असते.

शिक्षकांना एकच विनंती. इंग्रजी चरित्र पुरे झाले की मुलाने ते ज्याचे आहे त्याच्या घरी जाऊन, तोंडी मराठी करून, वाचून दाखवावे. त्या माणसाने ‘असे नव्हते’ म्हटले तर ते वाक्य काढायचे, मग त्याचे व्याकरण कितीही बरोबर असो. ‘हे लिहू नको’ म्हटले तर तेही काढायचे. उरेल ते दोन प्रतींत लिहायचे : एक शाळेच्या कपाटात, एक त्या घरात. घरातली प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या, पावसाळ्याचा भरवसा नाही.

गुण कसे द्यायचे, हा प्रश्न कार्यवाहांनी सकाळीच विचारला. त्यावर जेवणानंतरच्या सत्रात बोलू. ज्या शाळांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांच्या शिक्षकांनी तोवर मुलांकडून माणसांची नावे मागवून ठेवावीत.