जहाजावरचा सुरक्षा अधिकारी : एक जबाबदारीचा पेशा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या कोकण किनाऱ्यावर असे मोहल्ले पुष्कळ आहेत, की जिथे घरटी एक तरी माणूस बोटीवर गेलेला आहे. पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या रत्नागिरीकडून जात असत. खलाशी, टंडेल, सारंग हे शब्द आपल्याला कोशात पाहावे लागत नाहीत. तरीही एखादा विद्यार्थी "सर, बोटीवर कोणकोणत्या नोकऱ्या असतात?" असे विचारतो, तेव्हा आपण कॅप्टन आणि इंजिनीअर ही दोनच नावे सांगून थांबतो. आज मी तिसरे नाव सांगणार आहे. ते म्हणजे प्रवासी जहाजांवरचा फिरता सुरक्षा अधिकारी.

हा अधिकारी एकाच जहाजाचा नसतो. कंपनीच्या एका जहाजावर तो काही दिवस राहतो, तपासणी करतो, कवायत घेतो आणि पुढच्या बंदरात उतरून दुसरे जहाज गाठतो. तो काय तपासतो? आगीचा नळ सोडून पाहतो, पाणी जोराने येते का? आग अडवणारे दार कोणी सोयीसाठी पाचर मारून उघडे तर ठेवलेले नाही ना? लाइफबोट खाली सोडण्याचे दोर आणि आकडे नीट आहेत का? मुलांच्या मापाची जीवरक्षक जॅकेटे पुरेशी आहेत का? मग तो खोल्या झाडणाऱ्या पोऱ्याला मध्येच थांबवून विचारतो, "सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला, तर तू कुठे जाशील? तुझे काम काय?" कारण संकटाच्या वेळी वाढपी, आचारी, वादक, सर्वांना नेमून दिलेले काम असते आणि घाबरलेल्या प्रवाशांना वाट दाखवणारा बहुधा तो वाढपीच असतो.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रवासी जहाजावर दर आठवड्याला जहाज सोडण्याची आणि आग विझवण्याची कवायत झालीच पाहिजे. हे नियम सहजासहजी झालेले नाहीत. 1912 साली 'टायटॅनिक' बुडाले, तेव्हा जहाजावर सुमारे 2,200 माणसे होती आणि लाइफबोटींत जागा 1,178 जणांची. त्यातही चाळीस जणांची एक बोट केवळ बारा माणसे घेऊन निघून गेली. पंधराशेच्या आसपास माणसे मेली, आणि 1914 साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला.

आपल्याला टायटॅनिकपर्यंत जाण्याचीही गरज नाही. 17 जुलै 1947 रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ उलटली. आषाढी अमावस्या आलेली, रमजान दोन-तीन दिवसांवर. माणसे घराकडे निघाली होती. सहाशेहून अधिक जीव गेले. मुंबई इतकी जवळ, पण मुंबईला ही खबर कळायला कित्येक तास लागले. आपल्याकडच्या वडीलधाऱ्या माणसांनी ही हकीकत लहानपणी ऐकलेली असेल.

आता दुसरे उदाहरण पाहा. 6 मार्च 1987 रोजी बेल्जियममधील झेब्रुगे बंदरातून 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' हे जहाज निघाले ते पुढचा मोठा दरवाजा उघडा ठेवूनच. दरवाजा लावण्याचे काम ज्याचे होते तो आपल्या खोलीत झोपला होता. कॅप्टनला कोणी सांगितले नाही, आणि कोणी काही सांगत नाही याचा अर्थ सगळे ठीक आहे, अशी तिथली रीत होती. कॅप्टनच्या जागेवरून दरवाजा दिसावा म्हणून दिवा बसवा, असे कंपनीतल्या कॅप्टनांनी पूर्वी कळवले होते. वरच्यांनी ते मनावर घेतले नव्हते. 193 माणसे मेली. त्यानंतर जे नियम झाले आणि 1998 पासून प्रवासी जहाजांना लागू झाले, त्यांत प्रत्येक कंपनीने किनाऱ्यावर एक असा माणूस नेमावा असे ठरले, की ज्याला जहाजावरचा दोष थेट सर्वांत वरच्या मालकापर्यंत नेता येईल.

आणि 2012 साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालीच नव्हती, कारण चोवीस तासांत केव्हाही घेतली तरी चालत असे. जहाज सोडण्याचा हुकूम तासाभराहून अधिक उशिरा निघाला. 32 जण दगावले. आता ही कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घ्यावी लागते.

मित्रहो, या सगळ्यावरून माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. या अधिकाऱ्याचे खरे शस्त्र म्हणजे त्याची सही. कवायत न घेता वहीत 'कवायत झाली' असे लिहिणे फार सोपे असते. जहाजाला निघायची घाई असते, प्रवासी कंटाळतात, कॅप्टन हुद्द्याने मोठा असतो. अशा वेळी "साहेब, हे दार नीट लागत नाही, मी सही करणार नाही," असे अदबीने पण ठामपणे म्हणणे, हाच त्याचा पेशा.

हे मी तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगतो आहे? पूर्वी मी ज्या शाळेत होतो, तिथे आग विझवण्याच्या साधनांची वही माझ्याकडे होती. दर महिन्याला मी 'तपासले, ठीक आहे' असे लिहून सही करीत असे. नळकांडे मात्र भिंतीवरून कधी काढून पाहिले नाही. एके दिवशी प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्याने पडदा पेटला. शिपायाने धावत जाऊन नळकांडे आणले, दाबले. त्यातून काही म्हणता काही निघाले नाही. त्याने ओल्या पोत्याने आग विझवली. अल्लाहच्या कृपेने कोणाला इजा झाली नाही. मुख्याध्यापकांनी वही उघडली. शेवटची सही चार दिवसांपूर्वीची होती, आणि ती माझी होती. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

आता मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुलांना वर्गातून मैदानावर नेण्याची कवायत घेतो. मुले हसतात. पहिल्या खेपेला नऊ मिनिटे लागली, आता चार लागतात.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाला बोटीवर पाठवायचे असेल, तर अवश्य पाठवा. सरकारमान्य संस्थेत पोहणे-तरणे, आग विझवणे, प्रथमोपचार यांचे शिक्षण त्याला घ्यावेच लागेल; पुढे अनुभवाने आणि परीक्षांनी तो वर चढेल. पण खरेपणाची तालीम त्या संस्थेत मिळत नाही. ती घरी आणि शाळेतच द्यावी लागते. खाडी ओलांडताना तरीत माणसे जास्त झाली, तर "पुढच्या खेपेला जाऊ" असे तुम्ही मुलासमोर म्हणा. तो त्याचा पहिला धडा.

आणि विद्यार्थी मित्रहो, उद्या तुम्ही जहाजावर जा, इस्पितळात जा, नाहीतर माझ्यासारखे शाळेत या. जे स्वतः पाहिले नाही त्यावर सही करू नका. तुमच्या त्या सहीवर विसंबून कोणीतरी निर्धास्त झोपलेले असते.