आधी निदान, मग पाना
(मोटार मेकॅनिकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलायची प्रथा आहे. मी आज एका तक्रारीवर बोलणार आहे, कारण मला ते भवितव्य त्या तक्रारीतच दिसते. ‘गाडी उभी असली की थरथरते, चालायला लागली की काही नाही.’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे. त्यावरचा उपायही ठरून गेला आहे: प्लग बदला, थ्रॉटल बॉडी साफ करा, तरी थांबली नाही तर इंजिन तोलणारे रबरी फाउंडेशन बदला. गिऱ्हाईक पैसे मोजते आणि थोड्याच दिवसांत तीच थरथर घेऊन परत येते. मी याला दुरुस्ती म्हणायला तयार नाही.

उभ्या गाडीतच हा दोष का जाणवतो, हे आधी समजून घेऊ. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला साधारण २७ स्फोट होतात, तीन सिलिंडरमध्ये २०. एवढ्या मंद गतीत एक स्फोट चुकला तरी क्रँक अडखळतो आणि तो झटका स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. शिवाय थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, इंजिन थोड्याशा हवेवर जगत असते. फाटक्या व्हॅक्यूम पाईपमधून चोरून शिरणारी हवा तेव्हा मोठा घोटाळा करते. २५०० फेऱ्यांवर तीच हवा किरकोळ ठरते. म्हणून स्कॅनरवर आयडलिंगला फ्युएल ट्रिम वर चढलेला आणि रेस दिल्यावर खाली आलेला दिसला, तर आधी पाईप आणि मॅनिफोल्डची गॅस्केट तपासा. अर्थात, हे एअर-फ्लो सेन्सरच्या गाड्यांचे झाले. मॅप सेन्सरच्या गाडीत हीच गळती बहुधा आयडलिंग वाढवते. तिथे नुसत्या ट्रिमवर विसंबलात तर फसाल.

त्याही आधीचा प्रश्न असा, की इंजिन खरोखर आजारी आहे, की धडधाकट इंजिनाचे हादरे बॉडीपर्यंत पोहोचत आहेत? सायलेन्सरच्या तोंडापासून जरा अंतरावर तळहात धरा. झोत एकसारखे लागत असतील तर इंजिनाला सध्या सोडा आणि फाउंडेशनकडे वळा. ऑटोमॅटिक गाडी ब्रेकवर धरून डी किंवा आरमध्ये टाकल्यावर थरथर वाढते का? फाउंडेशनमधले तेल गळून रबराखाली काळा ओघळ आला आहे का? सायलेन्सरचा पाईप कुठे बॉडीला टेकत तर नाही ना? क्लचचे काम झाल्यानंतर थरथर सुरू झाली असेल, तर फाउंडेशन पीळ ठेवून आवळले गेले असण्याची दाट शक्यता आहे. बोल्ट सैल करा, इंजिनाला त्याच्या जागी बसू द्या, पुन्हा आवळा. नवा भाग लागणारच नाही.

आणि तीन सिलिंडरच्या इंजिनाची पुढची-मागची टोके आळीपाळीने वर-खाली होऊ पाहतात, हा त्या रचनेचाच गुण आहे. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हापासून आपण तो ओळखतो. तेवढ्या थरथरीवर औषध नाही. गिऱ्हाइकाला समोर बसवून तसे सांगा आणि एक पैसा न घेता गाडी परत द्या.

आता झोत तुटक लागला, म्हणजे गाडी मिसिंग करते आहे असे धरू. पद्मिनी गाडीच्या काळात आपण चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून ओढायचो. जी ओढल्यावर आवाज बदलत नाही, तिचा सिलिंडर मेला. आजच्या गाडीवर हा प्रयोग करू नका. कॉइल जळते आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो वितळवते. इंजेक्टरचा कनेक्टर काढा, तेच उत्तर मिळेल. स्कॅनर पी ०३०२ दाखवत असेल तर दोन नंबरची कॉइल तीनवर लावा. कोड ०३०३ झाला तर दोष कॉइलचा. नाही झाला तर प्लग, मग इंजेक्टर, आणि तरीही नाही तर कॉम्प्रेशन गेज.

इथे सीएनजीच्या गाड्यांबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. प्लग, कॉइल, फाउंडेशन असे सगळे बदलून झालेली सीएनजी गाडी आपल्या दारात येते, तेव्हा बऱ्याचदा दोष टॅपेटमध्ये निघतो. सीएनजी कोरडे इंधन आहे. व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि ज्या इंजिनात टॅपेट हाताने सेट करावे लागते तिथे गॅप संपत जातो. मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आयडलिंगला कॉम्प्रेशन निसटते, आणि वेग वाढला की गाडी बरी वाटते. वाजणारे टॅपेट सगळ्यांना ऐकू येते. घट्ट झालेले टॅपेट गप्प राहून व्हॉल्व्ह जाळते. कॉम्प्रेशन कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा गेज लावा. आकडा चढला तर रिंग, जागीच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. पूर्ण हेड उतरवण्याआधी फीलर गेज घालून गॅप मोजा. वेळेवर मोजला तर हजारोंचे काम शेकड्यांत होते.

हे सगळे आपल्यापैकी अनेकांना येते. मग भाग का बदलले जातात? कारण भागाचे पैसे बिलात लिहिता येतात आणि तासभर डोके लावून केलेल्या तपासणीचे लिहायची आपल्याला सवय नाही. डॉक्टरच्या तपासणीची फी कोणी नाकारत नाही. आपणच आपल्या बुद्धीची किंमत शून्य धरली आणि गिऱ्हाइकाने ती मान्य केली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, सेन्सर वाढले. अंदाजाने भाग बदलणे आता गिऱ्हाइकाला परवडणारे नाही आणि आपल्या नावालाही नाही.

माझी विनंती एवढीच आहे. परत गेल्यावर पहिल्याच बिलात तपासणीची मजुरी वेगळ्या ओळीत लिहा, तिच्याखाली तुम्ही घेतलेले कॉम्प्रेशनचे आणि ट्रिमचे आकडे लिहा, आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या.